एक किलोचं वजन आणि चौऱ्याण्णव टक्के

वनमालानं आयुष्यात काट्यावर मासळी विकली नाही. ती वाटा लावते. पाच बांगड्यांचा एक वाटा, दहा बोंबलांचा एक. कुणी किलोचा भाव विचारला की ती मान वर न करता म्हणते, "किलोनं खिळे मिळतात, बाय. मासळी डोळ्यानं घ्यायची."

वय एकसष्ट. वेसाव्याच्या कोळीवाड्यात जन्म, लग्नही तिथंच, तीन गल्ल्या सोडून. चाळीस वर्षं ती सात बंगल्याच्या बाजारात एकाच जागी बसते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा जहाजावर असतो. घरात ती, टीव्ही आणि समुद्रावरून येणारा वारा. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दारापाशी एक किलोचं लोखंडी वजन ठेवलेलं असतं. ते तिच्या आईचं. आईचं नाव धाकूबाई.

ह्या धाकूबाईवर वनमालानं चार पानं लिहिली, हीच मुळात नवलाची गोष्ट. शाळा सातवीत सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं.

लिहायला लावलं रुचिरानं. रुचिरा अंधेरीतच राहते. घराणं मालवणचं, आजोबा गिरणीत होते. तिनं मराठीत एमए केलंय आणि एका प्रकाशकाकडे ती प्रुफं तपासते. दर रविवारी ती बांगडे घ्यायला येते आणि भांडून घेते.

"मावशी, आमच्या मालवणात असा बांगडा मांजरसुद्धा खात नाही."

"मग मालवणात जाऊन घे. येताना ते मांजर पण आण. बघते मी, काय खातं ते."

बांगडे पिशवीत पडले तरी रुचिरा हलत नाही. पाण्याच्या पिंपावर टेकून ती वनमालाचं बोलणं ऐकत राहते. एकदा वनमालानं तिला धाकूबाई आणि कोळंबीच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा रुचिराच्या पिशवीतून पाणी गळून तिच्या चपला भिजल्या होत्या. तिला पत्ता नव्हता.

"मावशी, हे लिहून काढा."

"कोन वाचनार ते?"

"मी वाचेन ना."

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, बाजार अर्धा रिकामा. त्या दोन महिन्यांत वनमालानं लिहिलं. दुपारी जेवून दाराशी बसायचं आणि मांडीवर वही घ्यायची. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, शुद्ध लिहा. म्हणून तिनं शुद्ध लिहिलं. 'आय' कापून 'आई' केलं. 'नाय' कापून 'नाही' केलं. पहिलीच ओळ अशी होती: 'माझ्या आईचे नाव धाकूबाई होते. ती अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक होती.'

त्यापुढे व्यापाऱ्याची गोष्ट. व्यापारी कोळंबी तोलून घ्यायचा. त्याची वजनं जड होती. किलोच्या नावाखाली जास्त कोळंबी जायची. सगळ्या बायकांना संशय होता, बोलत कुणी नव्हतं. एक दिवस धाकूबाईनं टोपलीतून स्वतःचं एक किलोचं वजन काढलं. एका पारड्यात ते ठेवलं, दुसऱ्यात व्यापाऱ्याचं. सगळ्यांसमोर त्याचं पारडं खाली गेलं. त्या दिवसापासून तिची कोळंबी तोलताना तिचंही वजन काट्यापाशी असायचं.

गल्लीच्या मंडळाचा महोत्सव जानेवारीत असतो. त्याची स्मरणिका निघते आणि तिच्यात लेखस्पर्धेतले निवडक लेख छापतात. वनमालानं चार पानं दिली ती बक्षिसासाठी नव्हे. धाकूबाईचं नाव कधी कुठं छापून आलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकांवर घरातल्या पुरुषांची नावं. ती वारली त्या दिवशी गल्लीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'हिराजीची आई वारली.' हिराजी म्हणजे वनमालाचा भाऊ. वनमाला त्या फळ्यासमोरून तीनदा गेली होती. एकदा वाटलं, खाली नाव लिहावं. पण खडू नव्हता.

आता छापून येणार होतं.

रविवारी दुपारी तिला मंडळाच्या हॉलमध्ये बोलावणं आलं. हॉलमध्ये तिघं बसले होते. अध्यक्ष शिवदासमामा, सत्तरीचे, पांढरी टोपी. स्मरणिकेची भाषा तपासायला आलेली रुचिरा. आणि मंडळाचा सेक्रेटरी नितेश. हा हिराजीचा मुलगा, म्हणजे वनमालाचा सख्खा भाचा. पवईला कंपनीत नोकरीला आहे. समोर लॅपटॉप आणि चेहरा असा, की वनमालानं दारातूनच विचारलं, "कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं, आत्या. बस ना." नितेशनं खुर्ची पुढं केली. "तुझा लेख चेक केला. चौऱ्याण्णव टक्के आले."

वनमालाचा चेहरा फुलला. "चौऱ्याण्णव? अरे, शाळेत मी पन्नासच्या वर कधी गेले नाय!"

नितेशनं रुचिराकडे बघितलं. रुचिरानं खिडकीबाहेर बघितलं.

"तसे टक्के नाहीत, आत्या. हे टूल सांगतं की लेख माणसानं लिहिलाय की मशीननं. चौऱ्याण्णव टक्के मशीननं."

"कुठल्या मशीननं?"

"ते फोनमध्ये असतं ना. विषय सांगितला की लिहून देतं."

वनमाला आधी हसली. मोठ्यानं, बाजारात हसते तशी. मग तिच्या लक्षात आलं की हसणारी ती एकटीच आहे.

ह्यामागे कारण होतं. मागच्या वर्षी स्मरणिकेत चार मुलांचे लेख छापले गेले आणि चारही लेख 'समुद्र हा केवळ पाण्याचा साठा नसून' असे सुरू झाले. शेजारच्या गल्लीतले लोक वर्षभर दिसेल त्याला विचारत होते, काय रे, साठा किती झाला? म्हणून नितेशनं ह्या वर्षी नियम केला. लेख टूलमधून जाणार. साठ टक्क्यांच्या वर गेला तो बाद. नियम नोटीस बोर्डवर लागला होता. तेवीस लेख आले. सात साठच्या वर गेले. सातवा आत्याचा.

"माझीच आजी आहे ती," नितेश म्हणाला. "तुझा घेतला आणि बाकीचे सहा काढले तर लोक काय म्हणतील? मला तर जास्त कडक राहायला लागेल ना. आणि बुधवारी छापायला द्यायचंय."

वनमालानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. तिच्या ओळी टाइप केलेल्या, त्यांवर पिवळा रंग. कुठं फिका, कुठं गडद. सगळ्यात गडद रंग पहिल्या ओळीवर होता: 'ती अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक होती.'

त्या ओळीकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. नितेशला वाटलं, आत्या चिडली.

"दुसरा काटा हाय का?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"एका काट्याचं कोन ऐकतं? दुसऱ्यावर टाक."

नितेशनं दुसरं टूल उघडलं. चार पानं तिथं टाकली. गोल फिरलं, थांबलं. एक्केचाळीस टक्के.

"एकच पापलेट," वनमाला म्हणाली, "हिकडं चौऱ्याण्णव, तिकडं एक्केचाळीस. तिसरा आन."

"तिसऱ्याला मराठी येत नाही, आत्या. पण त्याच्यात पण केलंय मी. इंग्रजीत करून टाकलं. शंभर टक्के आले."

"इंग्रजीत कोणी केलं?" रुचिरानं विचारलं.

"मशीननं," नितेश म्हणाला. म्हणाला आणि थांबला.

रुचिरानं हातातला कागद खाली ठेवला.

"म्हणजे मशीननं लिहिलेलंच तू मशीनला दाखवलंस?" रुचिरा म्हणाली.

"बर्फात घालून आनलं," वनमाला म्हणाली, "वर विचारतो, मासळी थंड कशी!"

शिवदासमामा टोपी काढून हसले. नितेशही हसला, कान लाल करून. पण चौऱ्याण्णव तसेच होते, नियमही तसाच होता. तो म्हणाला, "पहिलं टूल सगळ्यात चांगलंय, आत्या. पैसे भरून घेतलंय. मराठी पण येतं त्याला."

"बरं. मग त्यालाच तपास. तुझ्या आजीनं कसं तपासलं? आपलं वजन ठेवलं. जे तुला पक्कं ठाऊक हाय ते त्याच्यावर ठेव. माणसानं लिहिलेलं, अगदी शंभर टक्के माणसानं. मग बघ काटा काय बोलतो ते."

तिचं हे बोलणं सगळ्यात आधी रुचिराच्या लक्षात आलं. ती उठली आणि कपाटातून मंडळाचं जुनं इतिवृत्त काढलं. एकोणीसशे सत्त्याऐंशी सालचं. शाळेतल्या गुरुजींच्या वळणदार अक्षरातलं. गुरुजी वारले त्यालाही वीस वर्षं झाली. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले.' रुचिरानं एक पान टाइप केलं. नितेशनं बटण दाबलं.

एक्क्याण्णव टक्के मशीन.

"सत्त्याऐंशीत?" शिवदासमामा खुर्चीत पुढं सरकले. "तेव्हा वेसाव्यात एकच मशीन होतं. बर्फाच्या फॅक्टरीतलं. ते पण बंद पडायचं."

मग त्यांना हुरूप आला. गल्लीतल्या दिव्याच्या खांबाबद्दल त्यांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज केला होता, त्याची प्रत खिशात होती. ती ते कायम खिशात ठेवतात. तीन वेळा खोडून लिहिलेला अर्ज. अठ्ठ्याहत्तर टक्के.

"म्हणजे बाद?" नितेश चाचरत म्हणाला.

"बाद कसला? म्हणजे आपण कॉम्प्युटरच्या लेव्हलला हाय!" मामांनी अर्ज घडी करून परत खिशात ठेवला. आधीपेक्षा जपून.

आता उलटं बघायचं राहिलं होतं. नितेशनं फोनला सांगितलं, कोळीवाड्यातल्या बारा वर्षांच्या मुलानं लिहावा तसा लेख दे, चुकांसकट. एक घोट पाणी पिऊन होईपर्यंत फोननं दिला. त्यात 'समूद्र' होता, 'आज्जी' होती, एक वाक्य अर्धवट सुटलं होतं. टूल म्हणालं, सहा टक्के मशीन. नितेशनं दोनदा करून बघितलं. सहाच.

तो लॅपटॉपकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वाट लागली. सोळा लेख मी ह्याच्या भरवशावर पास केलेत."

आत्या जिंकली होती. पण तिला भाच्याचं तोंड बघवेना. आणि त्याचंही चूक नव्हतं. मागच्या वर्षीचं हसं तिनंही ऐकलं होतं.

"मग चोर पकडायचा कसा?" नितेशनं विचारलं. "सगळंच छापायचं का?"

वनमालानं थोडा विचार केला. ती बाजारातल्या जागेवरून विचार करते. तिला दुसरी जागा नाही.

"टोपलीत वर लावलेलं सगळ्या दाखवतात," ती म्हणाली. "जाणतं गिऱ्हाईक काय विचारतं? खाली काय ठेवलंस? ज्याच्याजवळ खरी मासळी, त्याच्या तळाला काय ना काय असतंच. एकेकाला बोलव. विचार, लेखात नाय ते सांग. जे लिवलं नाय ते. ज्यानं स्वतः लिवलं त्याच्याजवळ उरलेलं असतं. ज्यानं फोनमधून काढलं त्याची टोपली तेवढीच."

रुचिरानं हे प्रुफाच्या कागदाच्या पाठीमागं लिहून घेतलं. पाच वर्षं साहित्य शिकताना तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी पुष्कळ जण मासे खात नाहीत, बाजार थंड असतो. म्हणून सोमवारी संध्याकाळी पाचची वेळ ठरली. तेवीसपैकी वीस जण आले. न आलेल्या तिघांबद्दल कुणी काही बोललं नाही. टेबलामागं नितेश, रुचिरा आणि शिवदासमामा. मामांनी हट्टानं वनमालालाही बसवलं. मुलांना ती सगळ्यांपेक्षा जास्त भीतीदायक वाटत होती, कारण ती प्रत्येकाच्या आईला ओळखत होती.

अल्पेशचा लेख 'बाबांचे इंजिन'. टूलचे अठ्ठ्याऐंशी टक्के. दहावीतला मुलगा, हाताला ग्रीस.

"लेखात काय नाय लिवलंस?" वनमालानं विचारलं.

अल्पेशनं खाली बघितलं. "बाबा आधी इंजिनाला नमस्कार करतात. मग शिव्या देतात. शिव्या दिल्या की चालू होतं. सरांनी सांगितलं, शिव्या लिहायच्या नाहीत."

"कुठल्या शिव्या?"

"सांगू?"

"नको, नको," नितेश घाईनं म्हणाला. "पास."

"त्या शिवीचं लिहायचं मात्र," रुचिरा म्हणाली. "शिवी नको. चालू होतं ते लिही."

असं एकेक होत गेलं. बादमधल्या सहाही जणांच्या टोपलीत तळाला मासळी निघाली. एकीनं सांगितलं की तिची आजी जाळी विणताना झोपते आणि झोपेतही तिचे हात चालतात. एकानं सांगितलं की त्याच्या होडीचं नाव आधी दुसरंच होतं, ते त्याच्या आईला कळू द्यायचं नाही. हॉलमध्ये चहा आला. बाहेरची माणसं खिडक्यांशी येऊन उभी राहिली. परीक्षेचा सोमवार म्हणून सुरू झालेलं प्रकरण लग्नघरासारखं झालं.

मग तेजल आली. अकरावीत. शिवदासमामांची नात. लेख 'माझे आजोबा आणि समुद्र'. टूलचे सहा टक्के, म्हणजे एकदम शुद्ध माणूस. लेखात आजोबा वादळात होडी हाकत होते. मामा ताठ बसले.

"काय नाय लिवलंस, तेजल?"

"सगळं लिहिलंय."

"कायच उरलं नाय?"

तेजलनं आजोबांकडे बघितलं. मग छताकडे. तिचे ओठ थरथरायला लागले. वनमालाला वाटलं, पोर रडते की काय. पण ते हसू होतं, आणि ते फुटलं.

"आजोबांना बोट लागते," तेजल म्हणाली.

खिडकीतली माणसं पुढं वाकली.

"काय?" नितेशनं विचारलं.

"बोट लागते. उलट्या होतात. नारळी पौर्णिमेला पण ते किनाऱ्यावरूनच नारळ टाकतात. होडीत पाय ठेवत नाहीत."

"मी बर्फाचं काम बघायचो!" शिवदासमामा उभे राहिले. "चाळीस वर्षं! बर्फाशिवाय तुमची मासळी टिकली असती काय?" पण त्यांचं कुणाला ऐकू येत नव्हतं. खिडकीतली माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. कोळीवाड्याचा अध्यक्ष, आणि त्याला बोट लागते. शेवटी मामाही बसले, टोपीनं तोंड झाकून हसू लागले. खांदे हलताना दिसत होते.

तेजलनं कबूल केलं. लेख फोनमधला होता. फोनला तिनं सांगितलं होतं, माझ्यासारख्या चुका घाल.

"म्हणून सहा!" नितेशनं कपाळावर हात मारला.

"जा," वनमाला म्हणाली. "आता सांगितलंस तेच लिव. उद्या दुपारपर्यंत आन. वादळ नको. उलटी चालेल."

तेजल पळाली. मामांनी डोळे पुसले, टोपी नीट केली आणि गळा साफ केला. झालेल्या हशाची परतफेड त्यांना करायची होती.

"आता तुझं, वनमाला. नियम सगळ्यांना."

"हो हो!" खिडकीतून आवाज आले.

नितेशला अवघडल्यासारखं झालं. तरी त्यानं विचारलं. "आत्या, लेखात नाही असं काहीतरी सांग. आजीबद्दल."

वनमालाला वाटलं होतं, हे सोपं जाईल. शंभर गोष्टी होत्या. "आयला कांदाभजी आवडायची," ती म्हणाली.

"ते मला पण माहितीय, आत्या."

"ती गायची. देवीची गाणी."

"सगळ्या गातात," मामा म्हणाले. "तळातलं काढ. तूच म्हणालीस."

तीच म्हणाली होती. तळाला काय आहे हे तिला ठाऊक होतं. दोन महिने लिहिताना ती त्याच्या कडेकडेनं गेली होती. आणि काल ती पिवळी ओळ. सांगितलं नाही तर सोमवारचा सगळा खेळ खोटा. सांगितलं तर धाकूबाईचं नाव पहिल्यांदाच लोकांपुढं येणार, ते असं. ती उठली आणि बाहेर गेली.

नितेशला वाटलं, आत्या गेली. रुचिरा तिच्यामागं धावणार होती. पण पाचच मिनिटांत वनमाला परत आली. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत जड काहीतरी. तिनं ते टेबलावर ठेवलं. दारापाशी असतं ते एक किलोचं वजन. सहा बाजूंचं, वर कडी.

"लेखातलं वजन," ती म्हणाली. "आता हे."

तिनं वजन उलटं केलं.

लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि वर सरकारी शिक्का मारतात. ह्या वजनाच्या बुडाला शिसं नव्हतं. काळं, चकचकीत काहीतरी होतं.

"डांबर," खिडकीतला एक म्हातारा म्हणाला. होडीच्या फळ्यांना लावतात ते.

"आयनं शिसं खरवडून काढलं," वनमाला म्हणाली. तिनं कुणाकडेच बघितलं नाही. "डांबर भरलं. डांबर हलकं. मी आठ वर्षांची होते, मीच धरलं होतं वजन. म्हणाली, कुठं बोलायचं नाय. मी बोलले नाय."

नितेशनं वजन उचललं. तसाच शेजारच्या दुकानात गेला, तिथल्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवून आला. दारातूनच म्हणाला, "नऊशे साठ."

"आणि व्यापाऱ्याचं?" रुचिरानं विचारलं.

"त्याचं अकराशेचं. ते आयला हातात घेतल्याबरोबर कळायचं. काटा तिला कशाला लागतोय? हे वजन होतं ते भांडायला. त्याचं जड, हिचं हलकं. भांडून भांडून दोघं मध्ये यायची."

वनमालानं वजनावर हात ठेवला, जणू ते झाकावं.

पहिल्यांदा शिवदासमामा बोलले. पण आधी त्यांनी आजूबाजूला बघितलं.

"आमच्या माळ्यावर पण एक हाय," ते म्हणाले. "माझ्या आयचं. त्याच्यात मेण हाय."

आणि मग हॉल उसळला. खिडकीतला म्हातारा ओरडला, आमच्यात साबण भरलेला! एक बाई म्हणाली, माझी सासू दगडच वापरायची, त्यालाच किलो म्हणायची! गल्लीतल्या सगळ्या गेलेल्या आया एकदम परत आल्यासारख्या झाल्या, कंबरेला पदर खोचून, टोपलीत आपापली वजनं घेऊन. वनमाला हसता हसता खाली बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कसलं, हे तिला बघायचं नव्हतं.

नितेशनं लॅपटॉप उघडला. "आत्या, हे सगळं घालू लेखात?"

"घाल. मी सांगते तसं घाल. शुद्ध करू नको."

"आणि ती पहिली ओळ?"

पिवळी ओळ अजून तिथंच होती. वनमालानं बोटानं दाखवलं. "ती खोड. काटा खोटा हाय रे, पण नेमका तिथंच टेकला होता."

"मग काय लिहू?"

तिला फार विचार करावा लागला नाही. "लिव, माझी आय व्यापाऱ्याएवढीच हुशार होती."

बुधवारी स्मरणिका छापायला गेली. टूलचे पैसे एका महिन्याचे भरले होते. उरलेले दिवस शिवदासमामांनी वापरले. ते रोज एक अर्ज त्यात टाकत आणि टक्के वाढले की नितेशला फोन करत.

महोत्सवाच्या सकाळी वनमाला टोपली घेऊन बाजाराला निघाली. कोपऱ्यावर गल्लीचा फळा. नितेशनं पहाटेच येऊन त्यावर खडूनं स्मरणिकेतले लेख लिहिले होते, मोठ्या अक्षरात. तेजलचा 'आजोबांना बोट लागते' वरून तिसरा. त्याखाली:

'धाकूबाईचं वजन. लेखिका वनमाला. पान सात.'

वनमाला थांबली. तिनं दोनदा वाचलं. खडू फळ्याखालीच पडला होता. तिनं टोपली खाली ठेवली, खडू उचलला आणि 'वजन' ह्या शब्दाच्या पुढं, शाळेतल्या बाईंनी शिकवलेल्या अक्षरात लिहिलं: 'नऊशे साठ ग्रॅम.'

मग टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराला गेली. रविवार होता. बांगडा चांगला होता, आणि मालवणची पोर भांडायला येणार होती.